नजरेला नजर

मराठीत माणसाच्या उंचीसाठी शब्दांची वाण नाही. ठेंगणा, बुटका, उंच, लंबूटांग, ताडमाड असे कितीतरी शब्द आपण सहज वापरतो. त्यांतले बरेचसे शब्द वर्णनापेक्षा चेष्टेसाठीच अधिक वापरले जातात. ठेंगण्या माणसाला निदान ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ ही म्हण दिलासा देते. प्रमाणाबाहेर उंच असलेल्या माणसाच्या वाट्याला असा दिलासा सहसा येत नाही. त्यातही ती व्यक्ती स्त्री असेल, तर विचारायलाच नको. मुलगा उंच झाला की घरच्यांना अभिमान वाटतो; मुलगी उंच होऊ लागली की तिच्या लग्नाची काळजी सुरू होते. वधू वरापेक्षा चार बोटे तरी कमी उंच असावी, हा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही. पण तो मोडणाऱ्या जोडप्याकडे लोक आजही रस्त्यात वळून पाहतात.

महाविद्यालयात असताना आमच्या वर्गात एक मुलगी सर्वांपेक्षा उंच होती. ती नेहमी पाठीला बाक काढून चाले. वर्गाचे छायाचित्र काढायचे असले की ती मागच्या रांगेत जाई आणि तेथेही गुडघे किंचित वाकवून उभी राही. तिची उंची फार तर पावणेसहा फूट असेल. एवढ्याशा फरकासाठी एका हुशार मुलीला स्वतःला असे दुमडून घ्यावे लागत असेल, तर जिची उंची साडेसात फुटांहूनही अधिक आहे, अशा स्त्रीने कोठे लपावे?

हा प्रश्न मला पुढे सँडी ॲलनविषयी वाचताना पडला. जागतिक विक्रमांच्या गिनेस बुकात तिची नोंद होती : जगातील सर्वांत उंच हयात स्त्री, उंची ७ फूट ७¼ इंच, म्हणजे सुमारे २३२ सेंटिमीटर. विक्रमांच्या पुस्तकाला एवढी माहिती पुरते. माणूस समजून घ्यायला मात्र ती पुरत नाही. म्हणून त्या आकड्यामागची स्त्री शोधण्याचा मी प्रयत्न केला.

सँडीचा जन्म १८ जून १९५५ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. जन्मतः तिचे वजन साडेसहा पौंड, म्हणजे जेमतेम तीन किलो होते. कोणत्याही सुदृढ बाळाचे असावे तेवढेच. पुढे काय घडणार आहे, याची त्या बाळाकडे पाहून कोणालाही कल्पना आली नसती. पण थोड्याच काळात तिची वाढ वेगाने होऊ लागली. दहाव्या वर्षी ती सव्वासहा फूट उंच झाली. सोळाव्या वर्षी तिने सात फूट ओलांडले. तिला वाढवले ते तिच्या आजीने, इंडियाना राज्यातील शेल्बीव्हिल नावाच्या लहानशा गावात. आजी लोकांकडे साफसफाईची कामे करून घर चालवत असे. अशा घरात दर काही महिन्यांनी आखूड होणारे कपडे आणि लहान पडणारे जोडे म्हणजे केवढी चिंता असेल, हे कष्टाच्या कमाईवर संसार करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. शाळेत मुले तिला चिडवत. दहा वर्षांच्या मुलीचे मन दहा वर्षांचेच असते. तिच्या शरीराकडे पाहून तिच्याशी वागणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

ही वाढ का होते? आपल्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पियुषिका किंवा पिट्युटरी ग्रंथी म्हणतात. शरीराच्या वाढीला चालना देणारे संप्रेरक, म्हणजेच हार्मोन, ही ग्रंथी तयार करते. कधी कधी या ग्रंथीत एखादी गाठ निर्माण होते. ती बहुधा कर्करोगाची नसते. पण तिच्यामुळे वाढीचे संप्रेरक गरजेपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात रक्तात मिसळू लागते. लहान वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या पट्ट्या असतात आणि तेथेच हाडांची लांबी वाढते. वयात आल्यानंतर या पट्ट्यांचे हाड बनते व उंची वाढणे थांबते. त्यापूर्वीच संप्रेरकाचा हा अतिरेक झाला, तर माणूस उंच होतच राहतो. या विकाराला महाकायता म्हणतात. म्हणजे ज्या उंचीवरून सँडीला चिडवले गेले, ती तिने मिळवलेली नव्हती आणि तो तिचा दोषही नव्हता. ते एका आजाराचे लक्षण होते.

अशा माणसाकडे पाहून आपल्याला वाटते, की त्याच्या अंगात केवढी ताकद असेल! पुराणांतल्या आणि परीकथांतल्या राक्षसांनी आपली तशी समजूत करून दिली आहे. प्रत्यक्षात गणित उलटे आहे. पाच फूट उंचीच्या माणसाचे शरीर सर्व बाजूंनी दीडपट केले, तर उंची साडेसात फूट होईल. त्याच्या हाडांची जाडी आडव्या छेदात दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोन पट होईल. वजन मात्र लांबी, रुंदी व जाडी या तिन्ही अंगांनी वाढून सव्वातीन पटींहूनही अधिक होईल. याचा अर्थ असा, की हाडाच्या प्रत्येक भागावर पूर्वीपेक्षा दीडपट भार पडेल. गॅलिलिओने हे तत्त्व १६३८ मध्येच मांडले होते. गुडघे, घोटे आणि पाठ यांना हा भार जन्मभर वाहावा लागतो. हृदयालाही अधिक श्रम पडतात. परीकथेतला राक्षस डोंगर ओलांडून जातो; महाकायतेने ग्रासलेल्या माणसाला मात्र फार वेळ उभे राहणेही कठीण होते.

शरीराच्या या त्रासात भर पडते ती घराची आणि वस्तूंची. आपल्या घराचा दरवाजा सुमारे सात फुटांचा असतो. खाट सहा-सव्वासहा फुटांची असते. खुर्ची, बसमधील आसन, स्वयंपाकघरातील ओटा, दुकानात मिळणारे तयार कपडे, हे सारे कोणत्यातरी सरासरी माणसाच्या मापाने बनवलेले असते. ज्यांचे माप त्या सरासरीत बसते, त्यांना मापाची आठवणही होत नाही. ज्यांचे बसत नाही, त्यांना ती दररोज, प्रत्येक दारात होते.

या संदर्भात मला ॲना स्वॉन या आणखी एका उंच स्त्रीची आठवण होते. तिचा जन्म १८४६ मध्ये कॅनडातील नोव्हा स्कॉशिया येथे झाला. तिची उंची साडेसात फुटांहून बरीच अधिक होती. न्यूयॉर्क येथील बार्नम यांच्या संग्रहालयात पैसे देऊन लोक तिला पाहायला येत. १८७१ मध्ये लंडनमध्ये तिने मार्टिन बेट्स या तिच्याइतक्याच असामान्य उंचीच्या पुरुषाशी विवाह केला. नंतर त्या दोघांनी अमेरिकेतील ओहायो राज्यात सेव्हिल या गावी स्वतःच्या मापाचे घर बांधले. त्या घराचे छत चौदा फूट उंच होते आणि दरवाजे साडेआठ फुटांचे होते. तेथे येणाऱ्या पाहुण्यांना त्यांच्या खुर्चीत बसल्यावर आपले पाय लोंबकळत असल्याचे जाणवले असेल. आयुष्यभर इतरांच्या घरात वाकून शिरणारी ॲना त्या घरात ताठ उभी राहू शकत होती. घराने तिला सारेच सुख दिले नाही. तिची दोन्ही मुले जन्मानंतर जगली नाहीत. १८७९ मध्ये जन्मलेला मुलगा केवळ अकरा तास जगला. १८८८ मध्ये ॲनाचेही निधन झाले. तरीही त्या घराची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माणसाचे शरीर बदलता येत नसेल, तर दरवाजा बदलता येतो, एवढे ती सांगते.

सँडीकडे असे घर बांधण्याइतके पैसे नव्हते. शाळा संपल्यावर तिने इंडियानापोलिस शहरात सचिवाची नोकरी केली. पत्रे टंकलिखित करणे, कागद सांभाळणे ही तिची कामे. पण कचेरीबाहेरचे तिचे जीवन एकाकी होते. १९७४ मध्ये तिने गिनेस बुकाच्या संपादकांना स्वतःहून पत्र लिहिले. आपल्याला जवळजवळ कोणतेही सामाजिक जीवन नाही आणि तुमच्या पुस्तकातील प्रसिद्धीमुळे कदाचित ते थोडे उजळेल, अशा आशयाचा मजकूर त्या पत्रात होता. मला हे पत्र तिच्या आयुष्यातील सर्वांत धीट कृती वाटते. एकोणीस वर्षांच्या मुलीला कळून चुकले होते, की लोक आपल्याकडे पाहणारच. ते थांबवणे आपल्या हाती नाही. आपण पुढे होऊन स्वतःचे नाव सांगावे, एवढेच आपल्या हाती आहे.

त्यानंतर तिचे जग खरोखरच बदलले. १९७६ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘कॅसानोव्हा’ या चित्रपटात इटलीचे विख्यात दिग्दर्शक फेदेरिको फेलिनी यांनी तिला एका महाकाय स्त्रीची भूमिका दिली. शेल्बीव्हिलसारख्या गावातील मुलगी इटलीला जाऊन आली. पण प्रसिद्धीने आजार थांबत नाही. विशी ओलांडल्यावरही तिची वाढ चालूच होती. अखेर १४ जुलै १९७७ रोजी तिच्या पियुषिका ग्रंथीवर शस्त्रक्रिया करण्यात आली आणि वाढ थांबली. त्या वेळी ती बावीस वर्षांची होती. पुस्तकातील विक्रम वाढत राहावा, असे पाहणाऱ्यांना वाटले असेल. जगायचे असेल तर तो वाढता कामा नये, हे तिला माहीत होते.

पुढे काही वर्षे सँडीने कॅनडातील नायगारा धबधब्याजवळच्या गिनेस संग्रहालयात काम केले. तेथे येणाऱ्या पर्यटकांना भेटणे, त्यांच्याशी बोलणे हे तिचे काम होते. येथे आपल्या मनात एक अवघड प्रश्न उभा राहतो. आजारामुळे वेगळे झालेले शरीर लोकांना दाखवून पैसे मिळवणे योग्य आहे काय? ॲना स्वॉनच्या काळापासून सर्कशी, जत्रा आणि संग्रहालये हेच करत आली होती. आपल्याकडेही जत्रेच्या तंबूबाहेर ‘अजब माणूस’ पाहण्यासाठी लोक तिकीट काढत असत. तेव्हा सँडीचे काम आणि तो तंबू यांत फरक कोणता?

याचे उत्तर शोधताना मला चार्ल्स बर्न या आयरिश तरुणाचे उदाहरण उपयोगी वाटते. त्याची उंचीही जवळजवळ सँडीएवढीच होती. १७८२ मध्ये तो लंडनला आला आणि तेथे लोक पैसे देऊन त्याला पाहू लागले. १७८३ मध्ये, अवघ्या बावीसाव्या वर्षी, तो मरण पावला. मृत्यूनंतर शल्यवैद्य आपले शरीर पळवतील, अशी त्याला भीती वाटत असे. म्हणून आपल्याला समुद्रात पुरावे, अशी त्याची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. जॉन हंटर या प्रसिद्ध शल्यवैद्याने त्याचे शव मिळवले आणि त्याचा सांगाडा आपल्या संग्रहात ठेवला. दोन शतकांहून अधिक काळ तो सांगाडा लंडनच्या संग्रहालयात लोकांसमोर उभा होता. विज्ञानाला त्याचा उपयोग झाला, हे खरे आहे. १९०९ मध्ये हार्वी कुशिंग यांनी त्याची कवटी तपासली, तेव्हा पियुषिका ग्रंथीची खोबण वाढलेली आढळली. २०११ मध्ये त्याच्या दातांतून मिळालेल्या अंशांवरून त्याच्या आजारामागचा आनुवंशिक दोषही समजला. परंतु त्या माणसाने ‘नको’ म्हटले होते, ही गोष्ट एवढ्याने पुसली जात नाही. अखेर २०२३ मध्ये ते संग्रहालय पुन्हा खुले झाले, तेव्हा हा सांगाडा प्रदर्शनातून काढण्यात आला होता.

फरक येथे आहे. बर्नला विचारले गेले नाही. सँडीने स्वतः ठरवले होते. ती लोकांसमोर बसे, तेव्हा त्यांच्याशी बोलत असे. काचेमागच्या सांगाड्याला प्रश्न विचारता येत नाही आणि तो आपल्याला प्रश्न विचारू शकत नाही. सँडी दोन्ही करू शकत होती. तिचा निर्णय पूर्णपणे मुक्त होता, असे मी म्हणणार नाही. एकाकीपणा आणि पैशाची गरज माणसाला कोठे कोठे नेतात, हे आपण जाणतो. तरीही मिळाल्या परिस्थितीत तिने आपला आवाज गमावला नाही, हे मला मोलाचे वाटते.

काही वर्षांनी ती शेल्बीव्हिलला परतली. ज्या गावात तिला चिडवले गेले होते, तेथेच ती राहिली. ती शाळांमध्ये जाऊन मुलांशी बोलत असे. वेगळे असण्यात काही गैर नाही, हे तिचे सांगणे असे. तिचे शब्द पोकळ वाटत नसत. कारण ते सांगणारी स्त्री वर्गाच्या दारातून वाकून आत आलेली असे. पुढे तिच्या पायांना व पाठीला शरीराचा भार पेलवेनासा झाला आणि तिला चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. जगातील सर्वांत उंच स्त्री लोकांशी बसूनच बोलू लागली.

शेवटची वर्षे तिने गावातील एका शुश्रूषागृहात काढली. योगायोग असा, की त्याच शुश्रूषागृहात एडना पार्कर या ११५ वर्षांच्या वृद्धाही राहत होत्या. त्या वेळी त्या जगातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्ती होत्या. एकाच छताखाली उंचीचा एक आणि वयाचा एक असे दोन विक्रम होते; पण तेथील परिचारिकांच्या दृष्टीने त्या दोघी वेळेवर औषध आणि प्रेमाचा शब्द हवा असलेल्या दोन स्त्रिया असतील. १३ ऑगस्ट २००८ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, सँडीचे निधन झाले. एडना पार्कर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेल्या.

सँडीनंतर जग काही प्रमाणात बदलले आहे. तुर्कस्तानातील रुमेयसा गेलगी यांची उंची २१५ सेंटिमीटरांहून किंचित अधिक आहे. २०२१ मध्ये जगातील सर्वांत उंच हयात स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली. त्यांची उंची वेगळ्या, जन्मजात आनुवंशिक विकारामुळे वाढली. त्यांना फार वेळ बसता येत नाही. २०२२ मध्ये त्यांनी प्रथमच विमानप्रवास केला, तेव्हा त्यांना झोपून जाता यावे म्हणून विमानातील सहा आसनांच्या जागी झोपण्याची सोय करण्यात आली. ॲना स्वॉनला आपला दरवाजा स्वतः बांधावा लागला होता. येथे इतरांनी तो मोठा करून दिला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये लंडनमध्ये रुमेयसा यांची भेट नागपूरच्या ज्योती आमगे यांच्याशी झाली. ज्योती आमगे यांची जगातील सर्वांत कमी उंचीची हयात स्त्री म्हणून नोंद आहे. त्यांची उंची ६२.८ सेंटिमीटर आहे. दोघींच्या उंचीत दीड मीटरहून अधिक अंतर होते. चहा घेता घेता त्या सौंदर्यप्रसाधनांविषयी, नखे रंगवण्याच्या आवडीविषयी बोलल्या. कोणत्याही दोन मैत्रिणी बोलतील तशाच. उंचीतील फरकामुळे एकमेकींच्या डोळ्यांत पाहणे मधूनमधून कठीण जात होते, असे रुमेयसा यांनी नंतर सांगितले. मला हे वाक्य फार अर्थपूर्ण वाटले. नजरेला नजर देणे त्या दोघींना खरोखरच कष्टाचे होते. तरीही त्यांनी ते केले. आपल्याला तसे काहीच कष्ट नसतात. रस्त्यात, बसमध्ये, रुग्णालयाच्या रांगेत वेगळ्या शरीराचे माणूस दिसले, की आपण एक तर टक लावून पाहतो, नाहीतर घाईने मान वळवतो. दोन्हींत त्याच्या डोळ्यांकडे पाहणे राहूनच जाते.

सरासरीबाहेर असण्याचा अनुभव केवळ उंचीचा नसतो. हे पुस्तक हाती घेणाऱ्यांपैकी कित्येकांनी संसार, नोकरी सांभाळून तिशीत किंवा चाळिशीत पुन्हा अभ्यास सुरू केला असेल. ‘आता या वयात शाळा कसली?’ असे विचारणारी नजर त्यांना परकी नसेल. शिक्षणाचे बाकही एका ठरावीक वयाच्या मापाने केलेले असतात आणि मोठ्या माणसाला त्यांवर बसताना अवघडायला होते. म्हणून सँडीची गोष्ट आपल्याला इतरांपेक्षा अधिक कळावी, अशी माझी अपेक्षा आहे. असे कोणी भेटले, तर आधी त्याचे नाव विचारावे. उंची सांगायची की नाही, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे.